रेकॉर्डिंग तुमचं, किल्ली कंपनीची



आजचा विषय आहे टीव्हीखाली बसलेला तो काळा डबा, म्हणजे आपला सेट टॉप बॉक्स. यातल्या बऱ्याच डब्यांना रेकॉर्डिंगची सोय असते. रिमोटवरचं लाल ठिपक्याचं बटण दाबलं की कार्यक्रम साठतो. इथपर्यंत सगळं सोपं आहे. गोंधळ होतो तो त्याच्या पुढे.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, कुठूनही फोन आला तरी प्रश्न साधारण एकच असतो. "सर, डब्याला पेन ड्राइव्ह लावून कार्यक्रम रेकॉर्ड केला. टीव्हीवर झकास दिसतो. तोच पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला की काहीच दिसत नाही. पेन ड्राइव्ह बिघडला का?"

पेन ड्राइव्ह बिघडलेला नसतो आणि लॅपटॉपही ठीक असतो. कार्यक्रम तुमच्या पेन ड्राइव्हवर आहे, पण कुलूपबंद आहे, आणि किल्ली डब्यात आहे. डबा कंपनीच्या हुकमावर चालतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट जरा जास्त बोचते. तिथे मराठी वाहिनी बहुधा वेगळी मागून, वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. घरात आईवडील असतात, नातवंडांच्या कानावर मराठी पडावं असं वाटत असतं, म्हणून एखादं नाटक, एखादी मैफल, एखादी मुलाखत जपून ठेवाविशी वाटते. ती जपली गेली आहे असं समजून आपण निश्चिंत होतो. म्हणून आज तीन गोष्टी पाहू. हे कुलूप काय आहे, कायदा काय म्हणतो, आणि जे खरोखर ठेवायचं आहे ते कसं ठेवायचं.

कॅसेटचा काळ

आधी थोडं मागे जाऊ, म्हणजे आजचं कुलूप का आलं ते कळेल.

सोनी कंपनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स आणि जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस बाजारात आणलं. घरच्या घरी टीव्हीवरचा कार्यक्रम कॅसेटवर उतरवणं सामान्य माणसाला शक्य झालं. अमेरिकेतल्या चित्रपट कंपन्या घाबरल्या. युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की हे यंत्र म्हणजे चोरीचं हत्यार आहे. दावा थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने सोनी जिंकली. न्यायालयाने सांगितलं की संध्याकाळी लागणारा कार्यक्रम रेकॉर्ड करून रात्री किंवा रविवारी पाहणं, म्हणजे नुसती पाहण्याची वेळ बदलणं, हा वाजवी वापर आहे.

आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर घरांत शिरला. १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा ज्यांच्याकडे व्हीसीआर होता त्यांनी भाग उतरवून घेतले. त्याला कोणतंही कुलूप नव्हतं. दूरदर्शनचा सिग्नल उघडा होता. ती कॅसेट शेजारच्या व्हीसीआरवर चालायची, दिल्लीच्या मामाकडे चालायची, वीस वर्षांनीही चालायची. बुरशी लागली नसेल तर आजही चालेल.

कुलूप पहिल्यांदा आलं ते विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या कॅसेटवर. त्याचं नाव मॅक्रोव्हिजन. १९८५ मध्ये 'द कॉटन क्लब' या चित्रपटाच्या कॅसेटवर ते पहिल्यांदा वापरलं गेलं. युक्ती मोठी गमतीची होती. आपल्या जुन्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं असे, पण त्या सगळ्या ओळी पडद्यावर दिसत नसत. काही ओळी चित्राच्या वरखाली लपलेल्या असत. व्हीसीआर त्या लपलेल्या ओळींवरून सिग्नल किती जोरकस आहे याचा अंदाज घ्यायचा आणि त्याप्रमाणे आपोआप आवर घालायचा. मॅक्रोव्हिजनने नेमक्या तिथे खोटे, जोरकस ठोके भरले. व्हीसीआरची फसगत व्हायची. सिग्नल फार मोठा आहे असं समजून तो चित्र अंधारं करायचा, ठोके बदलले की पुन्हा उजळ करायचा. टीव्हीवर याचा परिणाम व्हायचा नाही, म्हणून मूळ कॅसेट नीट दिसायची आणि तिची नक्कल मात्र उजेड-अंधार, उजेड-अंधार करत बसायची. आपण म्हणायचो, हेड साफ करून घ्या. हेड साफच असायचं!

ही पद्धत पुढे डीव्हीडी प्लेअर आणि काही सेट टॉप बॉक्सच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या बाजूलाही आली. पण हे जुनं कुलूप नकलेचं फक्त चित्र बिघडवत होतं. नव्या काळात नक्कल होणंच थांबलं.

आजची तीन कुलपं

केबलचं डिजिटलीकरण ऑक्टोबर २०१२ अखेर दिल्ली आणि मुंबईपासून सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने देशभर गेलं. शेवटच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. छत्रीवाल्या डीटीएच सेवा तर त्याआधीपासूनच डिजिटल होत्या. डिजिटल झाल्यावर चित्र म्हणजे आकडे झाले, आणि आकड्यांना कुलूप लावणं फार सोपं असतं.

पहिलं कुलूप प्रसारणाचं. उपग्रहाकडून किंवा केबलमधून येणारा सिग्नल कूटबद्ध असतो, म्हणजे विस्कटलेला असतो. तो जुळवायला किल्ली लागते आणि ती किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. फौजेत रात्रीच्या पहाऱ्याला परवलीचा शब्द असतो, आणि तो बदलत राहतो, म्हणजे कालचा शब्द शत्रूला कळला तरी आज उपयोग नाही. इथे तेच, फक्त दिवसाऐवजी सेकंदांच्या हिशेबाने. नवी किल्ली सिग्नलबरोबरच येते, पण तीही बंद पेटीत. ती पेटी उघडायचा अधिकार तुमच्या डब्यातल्या कार्डाला किंवा चिपला असतो. तुम्ही रिचार्ज केलं की कंपनी हवेतून हुकूम पाठवते, 'या नंबरच्या डब्याला अमुक वाहिन्या दाखव.' रिचार्ज संपलं की दुसरा हुकूम येतो. या कुलपाबद्दल माझी तक्रार नाही. पैसे भरले तर पाहा, हा सरळ व्यवहार आहे.

दुसरं कुलूप साठवणुकीचं. आपल्या पेन ड्राइव्हचा घोळ इथे आहे. डबा कार्यक्रम जुळवून तुम्हाला दाखवतो, पण साठवताना तो पुन्हा कूटबद्ध करून ठेवतो आणि त्याची किल्ली स्वतःच्या पोटात ठेवतो. म्हणून ते रेकॉर्डिंग दुसऱ्या डब्यावर चालत नाही. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, शेजारच्या खोलीतला डबा असला तरी चालत नाही. बऱ्याच सेवांमध्ये रिचार्ज संपलं की जुनं रेकॉर्डिंगही उघडत नाही. काही टीव्ही संचांत थेट पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करायची सोय असते, तिथेही पुष्कळदा हाच प्रकार असतो, किल्ली त्या टीव्हीतच राहते. मोबाइलच्या ॲपवर तुम्ही 'डाउनलोड' केलेले कार्यक्रम याच कुळातले. ते त्याच ॲपमध्ये उघडतात आणि मुदत संपली की जातात.

तिसरं कुलूप तारेचं. डब्यातून टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय केबल आहे ना, तिच्यातून चित्र उघडं जात नाही. इंटेल कंपनीने तयार केलेली एचडीसीपी नावाची पद्धत तिथे पहारा देते. डबा आधी टीव्हीला ओळख विचारतो, टीव्ही आपली किल्ली दाखवतो, दोघांची खात्री पटली की मगच चित्र सुटतं, तेही वाटेत कूटबद्ध होऊन. टीव्हीच्या जागी तुम्ही रेकॉर्डर लावलात तर डबा ओळख विचारतो, उत्तर येत नाही, आणि पडदा काळा. या पद्धतीची मूळ किल्ली २०१० मध्ये जगजाहीर झाली आणि इंटेलनेही ते मान्य केलं, तरी पहारा अजून चालूच आहे. त्रास बऱ्याचदा सरळ माणसालाच होतो. जुना टीव्ही, नवा डबा, दोघांची ओळख पटत नाही, आणि आपण केबल बदलत बसतो.

बिघाड की कुलूप, कसं ओळखायचं?

पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावल्यावर तीनपैकी एक गोष्ट होते.

एक, लॅपटॉप म्हणतो, 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल.' इथे घाईने 'हो' म्हणू नका. डब्याने पेन ड्राइव्ह स्वतःच्या पद्धतीने आखून घेतलेला असतो, आणि ती आखणी विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'हो' म्हणालात तर डब्यावर चालणारं रेकॉर्डिंगही जाईल. पेन ड्राइव्ह काढा आणि परत डब्याला लावा.

दोन, फाइल दिसते, आकार भलामोठा असतो, पण व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्येही ती चालत नाही किंवा नुसते रंगीत चौकोन दिसतात. हे बहुधा कुलूप. फाइल दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका. बिघडलेली फाइल दुरुस्त होऊ शकते, कुलूपबंद फाइलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

तीन, फाइल चालते. मग ती उघडी आहे. असं मुख्यतः डीडी फ्री डिशच्या बाबतीत दिसतं. दूरदर्शनची ही सेवा २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक भाडं नाही आणि तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या कूटबद्ध नाहीत. बाजारात मिळणाऱ्या साध्या फ्री डिश डब्याला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड केलं तर बहुधा साधी फाइल मिळते, कोणत्याही संगणकावर चालणारी. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी तुम्हाला तिथे मिळत असेल तर तिच्यावरचे जुने कार्यक्रम, संगीत, नाटकं अशी उतरवून घेता येतात. प्रजासत्ताक दिनाचं संचलन मी याच पद्धतीने ठेवतो.

कायदा काय म्हणतो?

मी वकील नाही. पण कायद्याचं पुस्तक वाचायला वकील असावं लागत नाही, आणि आपला कायदा या बाबतीत लोकांना वाटतो तितका कडक नाही.

प्रताधिकार कायदा, १९५७. त्याच्या कलम ३७ प्रमाणे प्रसारण करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क असतो. तिच्या परवानगीशिवाय ते पुन्हा प्रसारित करता येत नाही, त्याच्या प्रती काढून विकता येत नाहीत. पण पुढेच कलम ३९ आहे. त्यात म्हटलंय की स्वतःच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी, केलेलं ध्वनी किंवा दृश्य रेकॉर्डिंग हा त्या हक्काचा भंग होत नाही. कलम ५२ मध्येही खासगी वापरासाठी वाजवी वापराची मुभा आहे. म्हणजे तुम्ही घरी बसून, घरच्यांसाठी रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही.

मग कुलूप तोडलं तर? २०१२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ६५ अ आलं. त्याप्रमाणे हक्काचा भंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. इथे 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या कायद्यात पाहण्यावरचं कुलूप तोडणं हाच मुळात भंग धरला आहे, हेतू काहीही असो, अपवाद मोजके. आपल्या संसदेने तसं केलं नाही. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप उघडलं तर हे कलम आड येत नाही, असं त्यातच लिहिलंय. मात्र जो दुसऱ्याला असं कुलूप उघडून देईल त्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवायला हवी, अशीही अट आहे. गल्लीतला 'सगळं अनलॉक करून देतो' म्हणणारा दुकानदार अशी वही ठेवतो का, हे तुम्हीच पाहा.

आता यातली मेख. कायदा म्हणतो, तुम्ही घरासाठी रेकॉर्ड केलंत तर गुन्हा नाही. पण कंपनीने तुम्हाला उघडी फाइल दिलीच पाहिजे, असं कायदा कुठेही म्हणत नाही. तुम्हाला मोकळीक आहे, पण समोरच्यावर बंधन नाही. त्यात तुम्ही जोडणी घेताना जो करार स्वीकारता, त्याच्या अटी वेगळ्या. डबा उघडणं, त्यात फेरफार करणं याला तिथे बहुधा मनाई असते, आणि डबा अनेकदा कंपनीच्याच मालकीचा असतो. म्हणून बाजारात मिळणाऱ्या कुलूप चुकवणाऱ्या डब्या आणि तारा मी सुचवत नाही. आपलं काम त्यांच्याशिवाय होण्यासारखं आहे.

आणखी एक. खासगी म्हणजे खासगीच. रेकॉर्ड केलेला भाग सोसायटीच्या दोनशे जणांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला, मंडळाच्या गणेशोत्सवात पडद्यावर लावला, किंवा स्वतःच्या चॅनेलवर चढवला, की तो खासगी वापर उरत नाही. तिथे कलम ३९ तुमच्या मदतीला येणार नाही.

वहिनींचा प्रश्न

हे सगळं एवढं जीव तोडून का सांगतोय, त्याला कारण आहे.

माझ्या जुन्या पलटणीतले एक सहकारी निवृत्तीनंतर जबलपूरला स्थायिक झाले. एका वर्षी कारगिल विजय दिनाच्या निमित्ताने तिथल्या एका वाहिनीने त्यांची अर्ध्या तासाची मुलाखत घेतली. घरी डब्यावर ती रेकॉर्ड केली होती. पुढच्या वर्षी ते गेले. वहिनी कधीतरी दुपारी ती मुलाखत लावून बसत. मग एका पावसाळ्यात वीज पडली, डबा गेला. कंपनीचा माणूस आला, तासाभरात नवा डबा बसवून गेला, जुना घेऊन गेला. सेवा एकदम चोख. संध्याकाळी वहिनींच्या लक्षात आलं की रेकॉर्डिंगची यादी रिकामी आहे.

त्यांचा मला फोन आला. "भाऊजी, चित्र नसलं तरी चालेल. आवाज तरी मिळेल का?"

कंपनीकडे चौकशी केली. उत्तर सभ्य होतं आणि खरंही होतं. जुन्या डब्याची डिस्क मिळाली असती तरी किल्ली त्या जळालेल्या चिपमध्ये होती. वाहिनीला पत्र लिहिलं, पण कार्यक्रम होऊन दोन वर्षं उलटली होती आणि त्यांच्याकडे तो राहिलेला नव्हता. शेवटी मिळालं ते एवढंच, पुतण्याने त्या दिवशी टीव्हीसमोर मोबाइल धरून घेतलेली चार मिनिटं. चित्र हलतं, मध्ये कुकरची शिट्टी वाजते, पण आवाज त्यांचाच आहे. अर्ध्या तासातली तेवढी चार मिनिटं राहिली, कारण तेवढ्यांनाच कुलूप नव्हतं.

यात कोणी वाईट वागलं नाही. कुलपाने आपलं काम केलं. पण वहिनी काही चित्रपटांच्या चोरट्या प्रती विकणाऱ्या नव्हत्या, आणि कुलपाला हा फरक कळत नाही.

जे ठेवायचं ते असं ठेवा

रोजच्या मालिकेसाठी डब्यातलं रेकॉर्डिंग उत्तम. पाहिलं, पुसलं, संपलं. पण आपल्या माणसाची मुलाखत, मुलीचं गाणं, गावावरचा माहितीपट, आपल्या युनिटचा कार्यक्रम, असं काही असेल तर आधीपासून तयारी करा.

पहिलं काम, प्रत मागा. आपलं माणूस कार्यक्रमात असेल तर चित्रीकरणाच्या दिवशीच निर्मात्याला सांगा, आम्हाला एक प्रत हवी. तेव्हा नाही जमलं तर प्रसारणानंतर लगेच ईमेल करा. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ, वाहिनी, सगळं लिहा. वाहिन्यांसाठीच्या सरकारी अपलिंकिंग नियमांत प्रसारित मजकुराची नोंद ९० दिवस ठेवायची अट आहे. ती अट सरकारने मागितलं तर दाखवण्यासाठी आहे, तुमच्या-आमच्यासाठी नाही. पण त्याचा अर्थ एवढा की त्या मुदतीत तुमचा कार्यक्रम तिथे कुठेतरी असतो. तीन महिन्यांच्या आत मागितलेल्या प्रतीला आशा असते.

दुसरं, वाहिनी तो कार्यक्रम यूट्यूबवर टाकणार आहे का ते विचारा. टाकला तर दुवा जपा. पण दुवा म्हणजे प्रत नव्हे. वाहिनीने व्हिडिओ काढला की दुवाही रिकामा.

तिसरं, तीच वाहिनी फ्री डिशवर दिसते का पाहा. दिसत असेल तर उघडं रेकॉर्डिंग तिथून घ्या. आदल्या दिवशी पाच मिनिटांचं करून बघा आणि ती फाइल लॅपटॉपवर चालते याची खात्री करा. ऐनवेळी प्रयोग नको.

चौथं, डब्याला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना असतील तर त्यांतून जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा संगणकाला लावायच्या साध्या कॅप्चर उपकरणावर चित्र घेता येतं का, तेही आधी तपासा. चित्र साधं, जुन्या टीव्हीसारखं येईल. वाहिनीने तिथेही नकलेला मनाई केली असेल तर येणार नाही. मग तो नाद सोडा.

पाचवं, काहीच नसेल तर मोबाइल. याला हसू नका. तिपाई नसेल तर पुस्तकांच्या थप्पीवर मोबाइल ठेवा, टीव्हीच्या अगदी समोर, आडवा. खोलीतले दिवे आणि पंखा बंद. मोबाइल विमानाच्या मोडवर, म्हणजे मध्येच फोन येणार नाही. चार्जर लावलेला, आत जागा रिकामी. शक्य असेल तर दुसरा मोबाइल फक्त आवाजासाठी टीव्हीच्या स्पीकरजवळ. असं घरच्यासाठी घेतलेलं चित्रण आपल्या कायद्यातल्या खासगी वापरात बसतं आणि त्याची किल्ली कोणाकडेही नसते.

सहावं, त्याच दिवशी फाइल उघडून पाहा, सुरुवात, मध्य आणि शेवट. मग नाव द्या, म्हणजे 'व्हिडिओ ००४७' नव्हे, तर माणूस, कार्यक्रम आणि तारीख. तीन प्रती करा, एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या मुलाकडे किंवा भावाकडे.

आणि सातवं, डबा परत देण्याआधी, बदलण्याआधी किंवा कंपनी सोडण्याआधी रेकॉर्डिंगची यादी उघडून घरातल्या सगळ्यांना दाखवा. त्यातलं काही हवं असेल तर टीव्हीवर लावून मोबाइलने तरी घ्या. एकदा डबा गेला की इलाज नाही.

घरच्या कपाटातला इतिहास

कुलपाची बाजूही समजून घेऊ. १९८० च्या दशकात आपल्याकडे व्हिडिओ पार्लर आणि केबलवर नवे चित्रपट चोरून दाखवले जात, त्यात निर्मात्यापासून थिएटरच्या डोअरकीपरपर्यंत अनेकांचं नुकसान झालं. मराठी निर्मात्याचं बजेट आधीच लहान. त्याचं काम फुकट पसरू नये म्हणून कुलूप असायला माझी हरकत नाही.

पण दुसरी बाजू अशी. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९६० च्या दशकातल्या पुष्कळ कार्यक्रमांच्या टेप पुसल्या किंवा टाकून दिल्या. 'डॉक्टर हू' या त्यांच्या गाजलेल्या मालिकेचे कितीतरी भाग त्यात गेले. तरीही त्या हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी तीस वर्षांहून अधिक काळ, २०१२ मध्ये निधन होईपर्यंत, घरात व्हीसीआर लावून बातम्या रेकॉर्ड केल्या. सुमारे ७० हजार कॅसेट! त्या आता इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहेत. मोठ्या संस्थांनी जे टाकून दिलं, ते साध्या माणसांच्या कपाटात टिकलं.

आजच्या डब्यात हे होऊ शकत नाही. चाळीस वर्षांनी कोणाच्या माळ्यावर जुना सेट टॉप बॉक्स सापडला तरी त्यातलं काही उघडणार नाही. आपल्या भाषेपुरतं बोलायचं तर हे अधिक गंभीर आहे. मोठ्या भाषांतल्या कार्यक्रमांच्या प्रती कुठे ना कुठे राहतात. छोट्या वाहिनीवरची कीर्तनं, जिल्ह्याच्या बातम्या, बोलीतल्या मुलाखती, परराज्यातल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यक्रम, यांची दुसरी प्रत पुष्कळदा नसतेच.

म्हणून नवी जोडणी घेताना भाडं आणि वाहिन्यांची संख्या यांच्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारत जा. रेकॉर्ड केलेलं दुसऱ्या डब्यावर चालेल का? रिचार्ज संपल्यावर चालेल का? डबा बिघडला तर तुम्ही ते नव्या डब्यात आणून द्याल का? विक्रेता पहिल्यांदा गोंधळेल. शंभर जणांनी विचारलं की तो वर विचारेल. घरच्या माणसाला घरची प्रत मिळावी आणि चोराला मिळू नये, अशी सोय तंत्रज्ञानाला अशक्य नाही. ती मागणारं गिऱ्हाईक आजवर फारसं दिसलेलं नाही, एवढंच.

आज रात्री जेवण झालं की तुमच्या डब्यातली यादी उघडा. त्यात एकच कार्यक्रम असा असेल जो पुन्हा कुठेही मिळणार नाही, तर त्याची उघडी प्रत या रविवारी करून टाका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार. जय हिंद.